ढालीवरचा ठिपका

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या दिवाळीपासून फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या माझ्या दुकानात जुन्या संगणकांची रीघ लागली. "ताई, यात ते फुकटातलं घालून दे." फुकटातलं म्हणजे लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम. घालून दिलं. चाललं, लोक खूश झाले. आता त्याच मंडळींची पत्रं येतायत आणि जवळजवळ सगळी एकाच विषयावरची : अपडेट. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच.

आधी एक खुलासा. या मासिकात आज्ञासुद्धा देवनागरीत छापतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, मात्र त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मागे एकाने खरोखरच देवनागरीत "सुडो" (मालकाच्या हक्काने काम कर, अशी आज्ञा) लिहिलं आणि संगणक ओळखत नाही म्हणून मला फोन केला. चूक त्याची नव्हती, मी सांगायला विसरले होते.

प्रश्न : ताई, स. न. आमच्या गावच्या वाचनालयात दोन संगणक आहेत. २०२१ मध्ये गावातल्याच एका मुलाने त्यांत लिनक्स मिंट २० घालून दिलं. तो आता पुण्याला नोकरीत आहे. साडेसहा हजार पुस्तकांची नोंदवही आणि सभासदांची वर्गणी, सगळं त्यातच. खालच्या पट्टीवर एक ढाल दिसते, तिच्यावर ठिपका. दाबलं की चारशेच्या वर अपडेट्सची यादी येते. मुलगा जाताना सांगून गेला होता, "चालतंय तोवर हात लावू नका." आम्ही ते पाळलं. आता समितीतले एक सदस्य म्हणतात हे धोक्याचं आहे. पण दाबलं आणि नोंदी गेल्या, तर समिती मला सोडणार नाही.
– कार्यवाह, डिचोली तालुक्यातील एक वाचनालय

उत्तर : कार्यवाह महोदय, त्या मुलाचा सल्ला पंख्याला लागू आहे. इंटरनेटला जोडलेल्या संगणकाला नाही.

नोंदींची भीती आधी बाजूला करू. तुमची नोंदवही असते 'होम' नावाच्या फोल्डरमध्ये, आणि अपडेट बदलतं ते सिस्टीम. कौलारू घराची डागडुजी काढली की कौलं उतरवतात, सडके वासे बदलतात. कपाटातल्या पुस्तकांना कुणी हात लावत नाही. पण कौलं उतरवलेली असताना सर आली तर पुस्तकं भिजतातच. म्हणून ती अगोदर हलवायची. नोंदवही दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. एक वाचनालयात, एक तुमच्या घरी.

आणि नुसती घेऊन थांबू नका, दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. हे मी का सांगते तेही ऐका. गेल्या वर्षी एका भजनी मंडळाचा विंडोजचा संगणक लिनक्स घालायला माझ्याकडे आला. डेस्कटॉपवर 'मंडळ' नावाचं फोल्डर : वर्गणीचे हिशेब, सप्ताहाच्या पारांच्या याद्या, ध्वनिमुद्रणं. मी ते उचलून पेनड्राइव्हवर टाकलं. झटक्यात झालं. तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण ध्वनिमुद्रणं झटक्यात कॉपी होत नसतात. डिस्क पुसली, मिंट घातलं, संध्याकाळी पेनड्राइव्ह लावला तर त्यात एक केबीची एकच फाइल. ते फोल्डर नव्हतंच, दुसऱ्या डिस्ककडे बोट दाखवणारा शॉर्टकट होता. ती दुसरी डिस्क मी पुसली नव्हती म्हणून माझी अब्रू वाचली. पण ते कळेपर्यंतची वीस मिनिटं मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले होते. तेव्हा फाइलचा आकार बघा, उघडून बघा, अगदी शेवटच्या पुस्तकाच्या नोंदीपर्यंत खाली जा.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय असते आणि ती चांगली आहे. अपडेट बिघडलं तर सिस्टीम आदल्या दिवशी होती तशी परत आणता येते. पण ती मुळात सिस्टीमच जपते. 'होम'मधल्या फाइली, तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय, ती घेत नाही. "टाइमशिफ्ट लावलंय" म्हणून निर्धास्त असलेले निदान तीन जण मला माहीत आहेत. त्यांच्यात एक जण संगणकच शिकवतो.

आता मुख्य गोष्ट, जी नुसत्या ढालीकडे बघून तुम्हाला कळणार नाही. मिंट २० ची मुदत एप्रिल २०२५ मध्ये संपली. ते उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २०.०४ आवृत्तीच्या पायावर उभं होतं आणि उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. तुम्ही आज ते चारशे अपडेट घातले तर ते बसतील. मग ठिपका जाईल, आणि यापुढे तो फारसा येणारच नाही. समिती म्हणेल, बघा, आता सगळं व्यवस्थित. खरं तर घराकडे पोस्टमनच येईनासा झालेला असेल. मुदत संपलेला संगणक असाच शांत असतो, म्हणून मला ठिपका असलेल्या ढालीपेक्षा ठिपका नसलेल्या ढालीची जास्त धास्ती वाटते.

यातून दोन वाटा निघतात. पहिली पायरीपायरीने वर चढण्याची : २०.३, तिथून २१, मग २१.३, मग २२. मधली पायरी गाळता येत नाही. दुसरी म्हणजे नोंदी बाहेर काढून मिंट २२ कोरं घालण्याची. पुस्तकी सल्ला पहिल्या वाटेचा, माझा दुसऱ्या. चार-पाच वर्षांत त्या मुलाने कुठून कुठून काय आणून घातलं हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि मिंटच्या भांडाराबाहेरून आलेलं सामानच या चढणीवर आडवं येतं. शिवाय दोन मोठ्या पायऱ्या तुमच्या इंटरनेटवर म्हणजे एक पूर्ण दिवस गेला. कोरं घालायला माझ्या हाताने पाऊण तास लागतो. मिंट २२ एप्रिल २०२९ पर्यंत सांभाळलं जाणार आहे. रॅम ४ जीबी असेल तर उत्तम, २ जीबी असेल तर एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या.

दोन्ही संगणक एका दिवशी करू नका. एक करा, आठवडाभर पुस्तकांची देवघेव त्याच्यावर चालवा, मग दुसरा.

अजून एक, आणि हे फक्त मराठी वाचनालयालाच सांगावं लागतं. नोंदी युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर तो फॉन्टही सोबत उचला. नाहीतर नोंदवही उघडेल, पण पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोपाळकाला दिसेल, आणि तुम्हाला वाटेल लिनक्सने घोळ केला. नव्या नोंदी तरी आता युनिकोडमध्येच करा. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट असतं.

प्रश्न : अपडेट चालू असताना वीज गेली. गडगडाट होता, इन्व्हर्टर लागला, पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला. आता काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन विचारतो. चित्र नाही, माऊस नाही. सगळं नव्याने घालावं लागेल का?
– वाळपई

उत्तर : नाही. घाबरू नका आणि मुख्य म्हणजे बटण दाबून चालू-बंद, चालू-बंद करत बसू नका.

आत काय झालं ते समजलं की भीती अर्धी होते. डेबियन, उबुंटू, मिंट या सगळ्या एकाच कुळातल्या सिस्टीम्स, आणि त्यांच्याकडे सामान लावणारा गडी एकच, डीपीकेजी. तो दोन खेपांत काम करतो. आधी पेटारा उघडून सामान जागेवर मांडायचं, मग ते जुळवून चालू करायचं. कुठलं पॅकेज, म्हणजे कुठला पेटारा, कुठल्या खेपेत आहे हे तो एका वहीत लिहीत जातो. वीज गेली तेव्हा तुमचं बरंचसं सामान मांडून झालं असणार, जुळवायचं राहिलं. वही शाबूत आहे. त्याला फक्त "पुढे चालू ठेव" म्हणायचं.

काळ्या पडद्यावर तुमचं नाव घाला, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, तसंच असतं. मग लिहा : सुडो डीपीकेजी, जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून कॉन्फिगर, पुन्हा जागा सोडून एक रेघ आणि ए. ओळी सरकायला लागतील. मध्येच एखाद्या फाइलबद्दल तो विचारेल की नवी ठेवू की तुमची जुनी. नुसतं एंटर दाबलं की जुनी राहते, आणि आत्ता तेच हवं. ते संपलं की दुसरी ओळ (एपीटी म्हणजे सामान आणून डीपीकेजीच्या हवाली करणारा) : सुडो एपीटी, दोन रेघांना चिकटून फिक्स, हायफन, ब्रोकन, मग जागा सोडून इन्स्टॉल. शेवटी सुडो एपीटी अपडेट आणि सुडो एपीटी अपग्रेड. (या दोहोंत गल्लत नको. अपडेट म्हणजे बाजारात फिरून आज काय आलंय ते बघून येणं, अपग्रेड म्हणजे पिशवी भरून घरी आणणं.) मग रीबूट.

लॉगिनसुद्धा येत नसेल तर चालू होताना शिफ्ट दाबून धरा, नव्या पद्धतीच्या संगणकावर एस्केप. एक यादी येईल. तिच्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडलं की जुने कर्नल, म्हणजे सिस्टीमचे आधीचे गाभे, दिसतील. सिस्टीम नवा कर्नल घालते तेव्हा आधीचा लगेच फेकून देत नाही, तो याच दिवसासाठी असतो. अपडेटनंतर अचानक वायफाय गेलेल्यांनीही हीच यादी उघडून आदल्या कर्नलवर जाऊन बघावं. दहापैकी सात जणांचं काम माझ्या दुकानात तेवढ्यावरच भागतं.

विजेचं म्हणाल, तर इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांसाठी ठीक. लाइन जाऊन तो लागेपर्यंतचा क्षणभराचा खंड काही संगणकांना सोसत नाही. टेबलावरच्या संगणकाला छोटा यूपीएस हवाच. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असताना अपग्रेड लावा. मी स्वतः पावसाळ्यात सामान रात्री नुसतं उतरवून ठेवते. अपग्रेडच्या आज्ञेपुढे दोन रेघा, डाउनलोड, हायफन, ओन्ली असं लिहिलं की ते येऊन पडतं, बसत नाही. मग सकाळी आभाळाकडे बघून बसवायचं. ऑक्टोबरात तर दुपारी तीननंतर मी अपग्रेडला हातच घालत नाही, कारण तेव्हा सत्तरीच्या बाजूने काळं दाटायला लागतं.

प्रश्न : टर्मिनल मला सांगतो की अमुक पॅकेजेस मागे ठेवली आहेत. माझ्या मित्राच्या लॅपटॉपवर तीच आली. माझा काय गुन्हा?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मडगाव

उत्तर : गुन्हा नाही, तुझी पंगत अजून बसायची आहे. उबुंटू काही अपडेट सगळ्यांना एकदम वाढत नाही. आधी थोड्या संगणकांना देतात, तक्रार आली नाही तर पुढच्यांना. मित्राचं पान पहिल्या पंगतीत पडलं. भात कच्चा निघाला तर ते त्याला आधी कळेल, तुला नाही, तेव्हा हेवा करू नकोस. सुरक्षेच्या अपडेट्सना ही पंगत नसते, ती सगळ्यांना एकदम मिळतात. चार-आठ दिवस थांब. जबरदस्तीने ओढून घेऊ नकोस.

प्रश्न : माझा होमस्टे आहे. काउंटरवरचा संगणक तुम्हीच लिनक्सचा करून दिला होता. "याला व्हायरस लागत नाही" असं सगळे म्हणतात. मग अपडेट कशाला? आणि करायचंच तर मुलगा म्हणतो तशी एकदम ताजी, रोज बदलणारी आवृत्ती का घेऊ नये?
– पेडणे

उत्तर : "सगळे" म्हणतात त्यांत मी नव्हते एवढं नक्की.

लिनक्सला खोट नसते असं नाही. खोट सापडली की ती उघडपणे सांगितली जाते आणि दुरुस्ती लवकर येते, पण ती दुरुस्ती तुमच्या काउंटरपर्यंत पोचते ती अपडेटमधूनच. २०१४ च्या सप्टेंबरात बॅश या रोजच्या वापरातल्या प्रोग्रॅममध्ये शेलशॉक नावाची खोट सापडली. ती १९८९ पासून तिथे बसून होती. २०१६ मध्ये कर्नलमध्येच डर्टी काऊ सापडली, ती २००७ पासूनची. दोन्ही वेळी ज्यांनी अपडेट घेतलं त्यांचं भोक बुजलं. ज्यांनी नाही घेतलं त्यांची परिस्थिती आधीपेक्षा वाईट झाली, कारण आता भोक कुठे आहे ते चोरालाही कळलं होतं. तुमच्या काउंटरवर पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती असतात, हे विसरू नका. आणि तुम्ही दिवसभर बाहेरच्या जगाशी बोलता ते ब्राउझरमधून, तेव्हा दुसरं काही नाही तरी तो शिळा ठेवू नका.

आता मुलाच्या मुद्द्याकडे. अद्ययावत आणि ताजं, यांत फरक आहे. पोदेर सकाळी भोंपू वाजवत येतो तेव्हा पाव आजचाच हवा. पण आमटीतली सोलं गेल्या मे महिन्यातली असतात, आणि तशीच हवीत; बरणी मधूनमधून उघडून बुरशी धरलेलं सोल तेवढं काढायचं. डेबियनची स्थिर आवृत्ती ही सोलांची बरणी आहे. तिच्यात प्रोग्रॅमचा क्रमांक दोन वर्षांपूर्वीचाच दिसतो आणि लोक म्हणतात, हे तर जुनाट. पण सुरक्षेची दुरुस्ती तेवढी मागे आणून त्या जुन्या क्रमांकातच बसवलेली असते. क्रमांक बघून वय ठरवू नका.

ताजेपणाची किंमत २०२४ मध्ये दिसली. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं छोटंसं साधन आहे, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या देखभालीत मदतनीस म्हणून शिरलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ ला तो उघडकीला आला, कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दुसरंच काहीतरी तपासताना दूरच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! आपण तेवढ्यात "नेट स्लो आहे" म्हणून चहा घ्यायला गेलो असतो. ज्यांनी एकदम ताजा माल घेतला होता, चाचणीच्या आणि रोज बदलणाऱ्या आवृत्त्यांवर जे होते, त्यांच्याकडे तो पोचला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नव्हता.

मुलाला रोज बदलणारी आर्च वगैरे स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल घालू दे. शिकेल. तिथे अर्धवट अपडेट चालत नाही, घ्यायचं तर सगळं घ्यायचं, आणि घेण्याआधी त्यांची सूचना वाचायची, हे त्याला सांगा. काउंटरवर मात्र तो प्रयोग नको. पाहुणा बॅगा घेऊन उभा असताना तुम्हाला खोलीची पावती हवी असते.

प्रश्न : शाळेला देणगीत मिळालेले चार जुने संगणक ३२ बिटचे आहेत. त्यांत काय घालावं?
– काणकोण

उत्तर : उबुंटू आणि मिंट २० पासून पुढचं ३२ बिटला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरला, मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ ही त्यांच्यावर घालता येत नाही. डेबियन १२ घाला, त्याला दीर्घ मुदतीची सुरक्षा जून २०२८ पर्यंत आहे. तोवर मुलं टायपिंग आणि गणितं करतील. पुन्हा कुणी ३२ बिटचे संगणक देणगी द्यायला आले तर नम्रपणे माऊस आणि कीबोर्ड मागून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. अपडेट, अपग्रेड माझ्याच्याने होणार नाही. महिन्यातून एकदा येऊन करून द्याल का? काय घ्याल?
– म्हार्दोळ

उत्तर : सर, येईन, पण दोनदाच. पहिल्या महिन्यात मी करीन आणि तुम्ही बघाल. दुसऱ्या महिन्यात माऊस तुमच्या हातात, मी मागे खुर्चीवर. ढालीवर टिचकी, 'इन्स्टॉल अपडेट्स', पासवर्ड, एवढंच आहे. जुने कर्नल आपोआप काढून टाकायची खूणही मी त्या दिवशी पसंतीच्या पानावर करून देईन, म्हणजे डिस्क भरणार नाही. संगणक नुसता झोपवून ठेवायची तुमची सवय मात्र सोडावी लागेल, कारण नवा कर्नल बसला तरी रीस्टार्ट केल्याशिवाय तो कामाला लागत नाही. मागच्या वेळी तुमचा संगणक बघितला तेव्हा तो एकशे बारा दिवस एकदाही रीस्टार्ट न होता चालू होता.

तारीख लक्षात राहत नाही म्हणाल, तर संकष्टी धरा. घरात कुणाचा ना कुणाचा उपास असतोच. तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लावून झाला की अपडेट लावा आणि चंद्रोदयाची वाट बघत बसा. ते बहुतेक वेळा चंद्राच्या आधी संपतं.